फुंक घरची, गायकी गुरूची



'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण इतक्या वेळा म्हणतो, की त्याचा जाब कधीतरी कुणीतरी विचारणारच होतं. आज तो मी देणार आहे. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात, 1700 च्या आसपास, योहान क्रिस्टोफ डेनर नावाच्या कारागिरानं एका जुन्या बासरीवजा वाद्याला दोन चाव्या बसवल्या आणि त्यातून क्लॅरोनेट जन्माला आलं. तिथून निघालेलं ते वाद्य परभणीच्या लग्नात, वरातीच्या अगदी पुढं वाजू लागलं. जर्मनी ते परभणी एवढा प्रवास तर पुराव्यानिशी सिद्ध झाला! पण परभणीच्या रस्त्यावरून परभणीच्या मैफलीत, म्हणजे या सभागृहासारख्या सभागृहात, हा जो शेवटचा अर्धा मैल आहे, तो त्याला का चालता आला नाही? आजचं व्याख्यान त्या अर्ध्या मैलाचं आहे.

विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की शास्त्रीय संगीतावरच बोलायचं तर सतार होती, सरोद होतं, गेला बाजार हार्मोनियम होती. बँडवाल्यांचं वाद्य कशाला? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कारण सनई हेही वाजंत्र्यांचंच वाद्य होतं. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे मामा अली बक्ष काशी विश्वनाथाच्या मंदिरात सनई वाजवत. त्याच घरातला भाचा 15 ऑगस्ट 1947 ला लाल किल्ल्यावर वाजवतो आणि 2001 मध्ये भारतरत्न होतो. सनईला जे जमलं, ते क्लॅरोनेटला काही मोजक्या माणसांनी जमवून दाखवलं. ती माणसं कोण, आणि त्यांनी नेमकं काय केलं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणाला उठून जायचं असेल तर रिकाम्या हातानं जावं लागणार नाही. क्लॅरोनेट वाजवणारे जे कलावंत मैफलीपर्यंत पोहोचले, ते बहुतेक वाजवणाऱ्यांच्या घरांतून आले. घरानं त्यांना फुंक दिली, बोटं दिली, कान दिला. पण मैफलीतली बैठक घरानं दिली नाही. तिच्यासाठी त्यांना गाणाऱ्याच्या दारात जाऊन बसावं लागलं. वाद्य वाजवणारा माणूस गळ्याकडे गेला, आणि मग वाद्याकडे परत आला. हा वळसा ज्यांनी घेतला नाही ते उत्तम वादक राहिले, पण वरातीतच राहिले.

आता हे वाद्य आपल्याकडे आलं कसं ते थोडक्यात पाहू.

दोन दारांनी आलं. एक दार राजवाड्याचं. आणि मित्रहो, हे दार मराठी आहे. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. दुसरे सरफोजीराजे 1798 ते 1832 गादीवर होते. त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता, ग्रंथालय होतं, आणि नृत्यासाठी मराठीत रचलेली निरूपणंही होती. कावेरीकाठच्या त्या दरबारात मराठी शब्दांवर नर्तकी नाचत होत्या आणि शेजारच्या दालनात विलायती वाद्यं वाजत होती. या दोहोंमधली भिंत कधीतरी पडणारच होती. एकोणिसाव्या शतकात महादेव नट्टुवनार यांनी नृत्याच्या साथीत क्लॅरोनेट आणलं, असं तिकडची परंपरा सांगते. ते तिथं इतकं रुळलं, की विसाव्या शतकात बालसरस्वतींच्या नृत्याच्या साथीलाही क्लॅरोनेट असे. म्हणजे भारतीय रागसंगीतात हे वाद्य पहिल्यांदा जिथं शिरलं, तो सगळा परिसर मराठी राजांच्या सावलीतला होता. आपण मात्र त्याला आजही 'इंग्रजी बाजा' म्हणतो!

दुसरं दार पलटणीचं. ते तर आपल्या अंगणातलंच आहे. हिंगोली 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. त्या हिंगोलीला निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. जालन्याला होती, औरंगाबादेत होती, मोमिनाबादला म्हणजे आपल्या अंबाजोगाईला होती, आणि खाली रायचूर जिल्ह्यात लिंगसुगूरला होती. लिंगसुगूर लक्षात ठेवा, त्या बाजूला आपल्याला पुन्हा जायचं आहे. 1903 मध्ये ही फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. आता पलटण म्हटली की बँड आला, आणि बँड आला की तो ऐकणारं गावही आलं. उत्तरेत मीरतला 1885 मध्ये नादिर अली यांची पेढी बँडची वाद्यं पुरवू लागली. मग संस्थानिकांना बँड हवासा वाटला, सावकारांना हवासा वाटला, आणि शेवटी नवरदेवाच्या बापाला. ही उतरंड सगळ्या हिंदुस्थानात सारखीच आहे.

या काळात एक तरुण बंगाली मुलगा कलकत्त्यात हाबू दत्त यांच्या वाद्यवृंदात क्लॅरोनेट शिकत होता, कॉर्नेट शिकत होता, व्हायोलिन शिकत होता. पुढं तो मैहरला गेला आणि साथीत अनाथ झालेल्या पोरांना गोळा करून त्यानं मैहर बँड उभा केला. त्याचं नाव अल्लाउद्दीन खाँ. रविशंकरांचे आणि अली अकबरांचे गुरू. तेव्हा बँड या शब्दाला नाक मुरडताना जरा जपून!

आता घराकडे येऊ.

वाजवणाऱ्यांचं घर म्हणजे काय? आपल्या मराठवाड्यात सनई कुणाच्या हाती होती? देवळात गुरवांच्या, लग्नात आणि जत्रेत मांग वाजंत्र्यांच्या. त्या घरातलं पोर बोलायला शिकतं त्याआधी त्याला सूर कळतो. बाप सनई वाजवतो, चुलता संबळ, आणि सात-आठ वर्षांचं पोर सूर धरून बसतं. सूर धरणं म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच षड्ज अखंड धरून ठेवायचा, दम तोडायचा नाही. गालात हवा साठवायची, ती बाहेर सोडता सोडता नाकानं श्वास आत घ्यायचा. हे शिकायला संगीत विद्यालयातला मुलगा वर्षं घालवतो. वाजंत्र्याच्या पोराला ते पाळण्यातल्या खेळण्यासारखं मिळतं. लग्नात कुठल्या विधीला काय वाजवायचं, पहाटे काय, वरात वेशीत आली की काय, हे सगळं न लिहिलेलं शास्त्र त्याच्या अंगात मुरतं.

आणि काय मिळतं त्या घरात? शेवटची पंगत मिळते. मांडवाच्या कडेला, उन्हात, खांबाला टेकून उभं राहणं मिळतं. सुपारी घेताना घासाघीस मिळते. ज्या मंगलकार्याला आपल्याशिवाय शोभा नाही, त्याच कार्यात आपल्याला घरात पाऊल टाकता येत नाही, हे ज्ञान पोराला सनईच्या आधी मिळतं. आंबेडकरी चळवळीनं गावकीच्या कामांतला हा अपमान ओळखला आणि अनेक घरांनी ती वाद्यं खाली ठेवली. मला विचाराल तर बरोबरच केलं. काही मंडळी 'परंपरा बुडाली हो' म्हणून हळहळतात. त्यांना मी एवढंच विचारतो, की ती परंपरा जेवायला कुठल्या पंगतीला बसायची?

पण सगळीच घरं थांबली नाहीत. काहींनी वाट बदलली. पुण्याच्या गायकवाड घराण्यात शंकरराव, प्रभाशंकर, प्रमोद आणि आता त्यांच्या घरातली मुलगीही, अशी सनई पिढ्यांमागून पिढ्या मैफलीच्या मंचावर बसली. सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात सनईनं होण्याची प्रथाच पडून गेली. सोलापूरच्या जाधव घराण्यानं सनईहून लहान असं एक वाद्य जोपासलं. अक्कलकोटच्या राजांनी ते ऐकून त्याला 'सुंदरी' हे नाव दिलं, अशी हकिगत त्या घराण्यात सांगतात. सिद्राम जाधवांची सुंदरी रेडिओवर ज्यांनी ऐकली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. म्हणजे मराठी मुलखात फुंकवाद्याला मैफल मिळाली. मग क्लॅरोनेटचं घोडं अडलं कुठं?

त्यासाठी आपल्याला दोन माणसांना भेटावं लागेल. दोघेही मराठी नाहीत. त्यातले एक मात्र अगदी शेजारचे.

पहिले तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन. जन्म 1931 चा. वडील चिन्नीकृष्ण नायडू क्लॅरोनेट वाजवत. पोराच्या हाती क्लॅरोनेट आलं यात नवल काहीच नाही. नवल पुढं आहे. या मुलाला गाणं शिकायला कुणाकडे पाठवलं? आलत्तूर वेंकटेश अय्यर यांच्याकडे. कर्नाटक संगीतात 'आलत्तूर बंधू' म्हणून जी गायक जोडी गाजली, तिच्या घडणीमागे हेच गुरुजी होते. आणि नागस्वरम, म्हणजे दक्षिणेतली मोठी सनई, शिकायला पाठवलं इलुप्पूर नटेश पिळ्ळै यांच्याकडे. पाहा हं, वाजवायचंय क्लॅरोनेट, शिकायचंय गाणं आणि नागस्वरम! वडिलांना घरातच शिकवता आलं असतं. पण क्लॅरोनेटवर बोटं कशी पडतात हे क्लॅरोनेटवाला सांगेल. राग कुठं थांबतो, कुठं वळतो, कृतीतला शब्द कुठं श्वास मागतो, हे कोण सांगणार?

या शिक्षणाचा परिणाम असा झाला, की नटराजन क्लॅरोनेट वाजवायला बसले की ऐकणाऱ्याला ते वाद्य विलायती वाटेना. साथीला तविल हा ढोल घेऊन नागस्वरमच्या थाटात ते वाजवत. काही काळ आकाशवाणीत होते. पुढं मैफल हाच त्यांचा व्यवसाय झाला. नागस्वरमचे सम्राट टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांनी त्यांना 'क्लॅरोनेट एव्हरेस्ट' म्हटलं. राजरत्नम 1956 मध्ये गेले, म्हणजे हे बिरुद नटराजन यांना पंचविशीच्या आतच मिळालं. आणि बिरुद देणारा माणूस साधा नव्हता. नागस्वरम वाजवणाऱ्यानं, जो स्वतः देवळाच्या दारातून मैफलीत आला, त्यानं दुसऱ्या फुंकवाद्याला जवळ केलं. एरवी कलावंतांच्या जगात शेजारच्या दुकानाला कुणी गिऱ्हाईक पाठवत नाही! नटराजन यांना पद्मश्री मिळाली 2022 मध्ये, वयाच्या नव्वदीत. बिरुद पंचविशीत आणि पद्मश्री नव्वदीत. मधली पासष्ट वर्षं दिल्लीला बहुधा ऐकू येत नव्हतं.

दुसरे पंडित नरसिंहलू वडवाटी. रायचूरजवळचं वडवाटी हे त्यांचं गाव. लिंगसुगूर लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, तो हा रायचूर जिल्हा. वडवाटी जन्मले तेव्हा तुमचे आजोबा आणि वडवाटींचे वडील एकाच राज्याचे रहिवासी होते. परभणीही निजामाची, रायचूरही निजामाचं. दोन्हीकडे सप्टेंबर 1948 मध्ये एकदमच सुटका झाली. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली, रायचूर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि आपण मुंबई राज्यात आलो. रेषा नकाशावर पडली. हिंदुस्थानी संगीताला ती रेषा कधीच कळली नाही. नाहीतर धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सुरांना आणि गदगच्या भीमसेन जोशींना आपण आपलं म्हटलंच नसतं.

वडवाटी वाजवणाऱ्यांच्या घरात वाढले. वाद्य घरात होतंच. आणि तेही गेले कुणाकडे? गायकाकडे. पंडित सिद्धराम जंबलदिन्नी यांच्याकडे. शरणांची वचनं रागदारीत बांधून गाणारा हा मोठा गवई. रायचूरमधलं रंगमंदिर आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. जंबलदिन्नींना क्लॅरोनेट वाजवता येत नव्हतं, याची काही अडचण आली का? मला वाटतं, तोच फायदा झाला. गुरू वाजवून दाखवू शकत नाही, तेव्हा तो गाऊन दाखवतो. आणि शिष्याला त्या गाण्याचं बोटांत भाषांतर स्वतः शोधावं लागतं. तयार बोटं मिळाली असती तर शिष्य नक्कल करत बसला असता. इथं नक्कल शक्यच नव्हती. मग वडवाटींनी क्लॅरोनेटवर ख्याल मांडला. विलंबितात एकेक स्वर मोकळा सोडत रागाची बढत केली. अशी बढत करणारे क्लॅरोनेटवाले हिंदुस्थानी संगीतात किती आहेत? एका हाताची बोटं पुरतील.

एक तिरुचीचा, एक रायचूरचा. एक कर्नाटक पद्धतीचा, एक हिंदुस्थानी. एकमेकांच्या गुरूंचा काही संबंध नाही. दोघांचीही वाट मात्र घर, मग गवयाचं दार, आणि मग वाद्य, अशीच गेली. एखाद्याच्या बाबतीत आपण योगायोग म्हणू. दोघांच्या बाबतीत म्हणायला मी तयार नाही.

पण असं का व्हावं? गळ्याकडे जाण्याची एवढी गरज क्लॅरोनेटलाच का? उत्तर त्या नळीत आहे. इथं मी थोडा वेळ घेणार आहे. घड्याळाकडे पाहिलेलं मला व्यासपीठावरून दिसतं, एवढं ध्यानात ठेवा.

सनईची नळी आतून शंकूसारखी, वर निमुळती आणि खाली रुंद होत जाणारी. तीवर एक बोटरचना करा आणि फुंक वाढवा. तोच स्वर वरच्या सप्तकात निघतो. म्हणजे मध्य सप्तकात बोटांना जे शिकवलं, तेच तार सप्तकात कामी येतं. क्लॅरोनेटची नळी आतून सरळ, एकाच रुंदीची, आणि तोंडाकडचा भाग वेताच्या एका पत्तीनं जणू बंद केलेला. अशा नळीत ध्वनीचा स्वभावच वेगळा. फुंकीचा जोर आणि डाव्या अंगठ्याची चावी, यांनी वरचा स्वर काढायला जा, तर स्वर एका सप्तकाची उडी मारत नाही. सप्तक ओलांडून आणखी पाच स्वर वर जातो. मंद्र षड्जाची बोटं ठेवून चावी दाबली, की मध्य षड्ज निघत नाही, थेट मध्य पंचम निघतो! आता सांगा, ज्या मुलाच्या बोटांत सनई आहे, त्यानं काय करायचं? मंद्रातली 'ग म प' आणि मध्यातली 'ग म प' यांची बोटं वेगळी. त्याला प्रत्येक सप्तकात राग नव्यानं शिकावा लागतो.

एवढ्यावर भागत नाही. या दोन पट्ट्यांच्या मधोमध एक नाका आहे. तिथल्या काही स्वरांना जवळजवळ सगळी बोटं उचललेली असतात. आवाज पातळ, पोकळ. आणि त्याच्या लगेच पुढच्या स्वराला सगळी बोटं एकदम खाली टेकायची. तान सरळ वर चाललीय, ऐकणाऱ्याला एकसंध हवीय, आणि वाजवणाऱ्याच्या हातात मात्र सगळी बोटं वरून एकदम खाली, तीही एकाच क्षणी, एकही भोक उघडं न राहता. राहिलं तर वाद्य किंचाळतं. वरातीत किंचाळलं तर ताशात बुडून जातं. मैफलीत तंबोऱ्यावर कुठं बुडणार?

आणि मींड! आपल्या संगीताचा जीव स्वरात जेवढा, तेवढाच दोन स्वरांच्या मधल्या वाटेत. सनईच्या भोकावरून बोट हळूहळू सरकवलं की स्वर हळूहळू सरकतो. क्लॅरोनेटला भोकं आहेत आणि चाव्याही आहेत. भोकावरचं बोट सरकतं. चावी मात्र उघडी असते किंवा बंद असते, तिला मधली स्थिती माहीत नाही. म्हणून आपल्याकडे जुन्या पद्धतीचं, कमी चाव्यांचं आणि उघड्या भोकांचं क्लॅरोनेट चाललं. युरोपात नव्या, चाव्यांनी मढवलेल्या पद्धतीकडे लोक गेले, तेव्हा आपला वादक जुन्याला चिकटला. यात मागासलेपणा नव्हता, मींड होती. आणि जिथं चावी आडवी येते, तिथं ओठ. खालचा जबडा किंचित सैल करून, पत्तीवरचा दाब कमी करून स्वर उतरवायचा. उतरतो सहज, चढवणं कठीण. म्हणून अवरोही मींड सुरेख येते आणि आरोही मींड रियाजाचा घाम काढते.

हे काही आपलंच कवतिक नाही. 12 फेब्रुवारी 1924 ला न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज गर्श्विनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'चा पहिला प्रयोग झाला. तिची सुरुवातच क्लॅरोनेटच्या एका लांब घसरत वर जाणाऱ्या सुरानं होते. लिहिताना तिथं सुटे सुटे स्वर होते. रॉस गॉर्मन नावाच्या वादकानं तालमीत ते गंमत म्हणून ओढून वाजवले, आणि गर्श्विननं तेच ठेवलं. म्हणजे या नळीतून मींड निघते हे अमेरिकेनंही पाहिलं. फरक एवढाच, की तिथं ती एकदा आली आणि प्रसिद्ध झाली. आपल्याला ती दर आवर्तनाला हवी!

आता गळ्याची गरज कुठून आली हे तुमच्या ध्यानात आलं असेल. ज्या वाद्यात बोटं राग सांगत नाहीत, किंबहुना बोटं रागाच्या आड येतात, तिथं राग आधी दुसरीकडे कुठंतरी पक्का बसलेला असावा लागतो. तो गळ्यात बसतो. सतारीच्या पडद्यांवर डोळ्यांना राग दिसतो तरी. क्लॅरोनेटवर तो दिसत नाही. म्हणून ज्याच्या डोक्यात बंदिश गाऊन बसलेली नाही, त्याची बोटं चाव्या सांगतील तिकडे जातात. आणि चाव्या कुठं नेतात? सिनेमाच्या गाण्यांकडे. ती सोपी असतात म्हणून नाही. त्यांची चाल आधीच गाऊन ठेवलेली असते म्हणून! मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरोनेटवरच्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका एके काळी घरोघरी वाजत. त्यांच्या फुंकीत दम होता, गोडवा होता. नाव ठेवायला जागा नाही. पण गाणं मूळ गायकाचं होतं, आणि वादकानं ते सुंदर सांगितलं. मैफलीत गाणं वादकाचं असावं लागतं.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांचं उदाहरण याच्या उलट्या बाजूचं. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली पोरं, घरात व्हायोलिन आणि क्लॅरोनेट, पिढ्यान्‌पिढ्यांची साधना. मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर राग आणि वाद्यवृंद यांची सांगड घालायचा प्रयत्न 1958 मध्ये करून पाहिला. तो पुढं चालला नाही, हे त्यांचं नव्हे, आपल्या श्रोत्यांचं अपयश आहे असं मी मानतो. त्यांच्याकडे सगळं होतं. रागाच्या मैफलीला लागतो तो गवई गुरू मात्र त्यांच्या शिक्षणात कुणी ठेवलाच नव्हता.

आता कुणी म्हणेल, हे सगळं वाद्याच्या दोषांवर ढकलणं झालं. नाही. वाद्याचे दोष माणसानं जिंकले, हे नटराजन आणि वडवाटींनी दाखवलं. दोष आपल्या नजरेतही आहे. हार्मोनियमचं काय झालं आठवा. 1940 मध्ये आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली. कारण काय, तर तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही. जवळपास तीन दशकं हार्मोनियमला रेडिओवर जागा नव्हती. पण घराघरात, कीर्तनात, नाटकात, तालमीत ती होतीच. तिला मध्यमवर्गीय घरानं पाठीशी घातलं. क्लॅरोनेटमध्ये मींड आहे, श्रुती आहेत, आणि तरी ते मैफलीबाहेर. का? कारण त्याला पाठीशी घालणारं घर मध्यमवर्गीय नव्हतं. हे मला या सभागृहात स्पष्टच बोललं पाहिजे. हार्मोनियम दिवाणखान्यात होती, क्लॅरोनेट रस्त्यावर होतं. दोन्ही विलायती. एकीला आपण खुर्ची दिली, दुसऱ्याला चालतं ठेवलं.

आणि चालता चालता ख्याल गाता येतो का? भीमसेनजींना वरातीत चालवत नेलं असतं, तर पुढच्या चौकापर्यंत तोडी टिकली असती का? चालणारा माणूस दोन मिनिटांपेक्षा मोठी गोष्ट सांगू शकत नाही. त्याला 'लंबी वाजव' म्हणणारं कुणी नसतं, 'दुसरं वाजव' म्हणणारे सगळे असतात.

आज परिस्थिती काय? लग्नसराईत डीजे आला, बँजो आला, कीबोर्ड आला. बँडमधला क्लॅरोनेट मास्तर मागं सरकला. पत्ती महाग, चांगली पत्ती मिळायला मुंबई-हैदराबाद गाठावं लागतं. पोरं म्हणतात, एवढ्या चाव्या शिकण्यापेक्षा कीबोर्डचं बटण बरं. मी त्यांना दोष देत नाही. ज्याला मांडवाबाहेर उभं राहून पोट भरायचंय, त्यानं जे लवकर येतं तेच शिकावं. पण या जिल्ह्यात, पूर्णेला, गंगाखेडला, जिंतूरला, सेलूला, बँडमध्ये वाजवणारी जी घरं उरली आहेत, त्यांच्यात एखादा वडवाटी असू शकतो की नाही? फुंक आहे, बोटं आहेत, कान आहे. कमी आहे ती एक गोष्ट, आणि ती देणं त्या घराच्या हातात नाही. आपल्या हातात आहे.

म्हणून संयोजकांना एक विनंती करतो, आणि ती सर्वांसमक्ष करतो, म्हणजे नंतर माघार घेता येणार नाही. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेला जोडून संगीतसभा कराल, तेव्हा एक संध्याकाळ क्लॅरोनेटला द्या. सुरुवातीची दहा मिनिटं नव्हे, पाहुणे येईपर्यंतची वेळ तर मुळीच नव्हे. मधली, भरल्या सभागृहातली वेळ. वादकाला गादीवर बसवा, मागं तंबोरा द्या, तबल्याची चांगली साथ द्या. मानधन गायकाला देता तेवढंच द्या. आणि त्याच्या जोडीला, परभणीतल्या एखाद्या गवयाकडे, बँडमधल्या दोन मुलांची दोन वर्षांची शिकवणी सुरू करा. फी समितीनं भरावी. मुलांना गाणं शिकवा, क्लॅरोनेट शिकवू नका. ते त्यांना येतंच. आकाशवाणीचं केंद्र आपल्या गावात आहे, तिथं श्रेणीपरीक्षेसाठी अर्ज भरायला मदत करा. कागद इंग्रजीत असला की पोरं घाबरतात.

मुलं निवडताना लग्नसराईत निवडायला जाऊ नका, तेव्हा त्यांना वेळ नसतो. आषाढात जा. तेव्हा बँडचं काम बंद असतं, पोरं शेतात असतात, आणि संध्याकाळी मोकळी असतात. गुरुजी मिळत नसतील तर मला कळवा, दोन नावं माझ्याकडे आहेत. खर्चाचा आकडा काढायला बसाल तेव्हा तबला आणि तंबोऱ्याचं भाडं धरायला विसरू नका. दर वेळी तेवढंच राहून जातं.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर माईक तिकडे, डाव्या रांगेत आहे.